पदच्युत हुकूमशहाची फाशी: सद्दामचं उदाहरण देताना या चुका टाळा

८ जानेवारी २००७ रोजी बगदादमध्ये अनफाल खटल्याची, म्हणजे कुर्दांच्या कत्तलीबद्दलच्या खटल्याची, सुनावणी पुन्हा सुरू झाली, तेव्हा आरोपींमधली एक जागा रिकामी होती. सरकारी पक्षाने जुन्या ध्वनिफिती लावल्या. रासायनिक अस्त्रांनी हजारो माणसं मरतील, असं सांगणारा एक आवाज न्यायालयात ऐकू आला. सरकारी पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे तो सद्दाम हुसेनचा होता. सद्दामला फासावर जाऊन तोवर नऊ दिवस झाले होते. त्याच दिवशी न्यायाधीशांनी त्याच्यावरचे आरोप काढून टाकले, कारण मेलेल्या माणसावर खटला चालत नाही.

सद्दामच्या फाशीवरची आपली बहुतेक चर्चा ३० डिसेंबर २००६ च्या पहाटेपाशी येऊन थांबते. त्या नऊ दिवसांनंतरच्या रिकाम्या जागेपर्यंत ती पोचतच नाही. बांगलादेशच्या माजी पंतप्रधान शेख हसीना यांना ढाक्यात मृत्युदंड सुनावला गेल्यापासून सद्दामचं नाव पुन्हा वादविवादात येऊ लागलंय, आणि निबंधांत, गटचर्चांत, अगदी जाणत्या माणसांच्या बोलण्यातही काही चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

फाशी झाली आणि इराक पेटला, असं म्हणू नका

ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. ती तपासायची सोपी रीत म्हणजे तारखा एका खाली एक लिहून काढणं. मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी दोन आदेश काढले. पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीतल्या लोकांना सरकारी नोकरीतून बाहेर काढलं, दुसऱ्याने इराकी सैन्यच बरखास्त केलं. शस्त्र चालवायला शिकलेली लाखो माणसं एका फटक्यात बेकार आणि अपमानित झाली. २२ फेब्रुवारी २००६ ला समारामधल्या अल-अस्करी मशिदीचा सोनेरी घुमट स्फोटाने उडवला गेला आणि शिया-सुन्नी कत्तलींना ऊत आला. संयुक्त राष्ट्रांच्या गणतीनुसार २००६ या एका वर्षात इराकमध्ये ३४ हजारांहून अधिक नागरिक मारले गेले. हे सगळं फाशीच्या आधीचं आहे.

उलट २००७ च्या उत्तरार्धात हिंसा उतरू लागली. अमेरिकेने वाढवलेलं सैन्य आणि अल-कायदावर उलटलेल्या अन्बार प्रांतातल्या सुन्नी टोळ्या ही त्यामागची मोठी कारणं. फाशीनेच आग लावली असती, तर हा उतार समजावून सांगता येत नाही. तेव्हा फाशीचे परिणाम मृतांच्या आकड्यांत शोधत बसू नका. ते दुसरीकडे आहेत: राज्यसंस्थेवरच्या विश्वासात, अर्धवट राहिलेल्या खटल्यांत, आणि शेजारच्या हुकूमशहांनी जे मनाशी घेतलं त्यात.

शिक्षा बघता, पण खटल्यांचा क्रम बघत नाही

माझ्या मते सगळ्यात महाग पडलेली चूक इथे झाली, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

सद्दामला फाशी झाली ती दुजैल प्रकरणात. ८ जुलै १९८२ रोजी या गावात त्याच्या ताफ्यावर गोळीबार झाला. त्याचा सूड म्हणून १४८ शिया पुरुषांना आणि मुलांना मारण्यात आलं, कुटुंबंच्या कुटुंबं वाळवंटातल्या छावणीत डांबली गेली, बागा उखडून टाकल्या. गुन्हा भयंकरच होता. पण हा खटला पहिला का निवडला? गाव एक, घटना एक, मृत्युदंडाच्या आदेशांचे कागद हाती होते, सही कोणाची हे दाखवता येत होतं. नव्या, अननुभवी न्यायालयाने आटोपशीर प्रकरणापासून सुरुवात करणं समजण्यासारखं आहे. त्यासाठी मी कोणाला दोष देणार नाही.

दोष पुढचा. पहिल्या खटल्याची शिक्षा दुसऱ्या खटल्याच्या मध्यावर अंमलात आणली. अनफालची सुनावणी २१ ऑगस्ट २००६ ला सुरू झाली होती. १९८८ मधल्या या मोहिमेत कुर्दांची हजारो गावं उद्ध्वस्त झाली. ह्युमन राइट्स वॉचच्या अंदाजाने ५० हजार ते १ लाख माणसं मारली गेली, कुर्द स्वतः १ लाख ८२ हजारांचा आकडा सांगतात. १६ मार्च १९८८ ला हलब्जा शहरावर विषारी वायू सोडला गेला, त्यात सुमारे ५ हजार जण गेले. १९९१ चा शिया उठाव चिरडला गेला, त्या माणसांच्या सामूहिक कबरी २००३ नंतर उघडल्या गेल्या. इराणवर आणि कुवेतवर लादलेली युद्धं वेगळीच. यातल्या कशाबद्दलही सद्दामविरुद्ध निकाल लागला नाही. जगाच्या दप्तरी त्याच्या नावावर १४८ खून सिद्ध झाले.

आणखी एक गोष्ट त्याच्याबरोबर गेली. १९८० च्या दशकात त्याला कोणी काय पुरवलं, कोणी डोळेझाक केली, हे भर न्यायालयात त्याच्या तोंडून येऊ शकलं असतं. डोनाल्ड रम्सफेल्ड डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेचे दूत म्हणून त्याला बगदादमध्ये भेटले होते. रसायनं पुरवणाऱ्या फ्रान्स फान अनराट या डच व्यापाऱ्याला डिसेंबर २००५ मध्ये हेगच्या न्यायालयाने १५ वर्षांची शिक्षा दिली होती. त्या साखळीच्या बाकीच्या कड्या बगदादमध्ये तपासल्या गेल्या नाहीत.

थांबलं असतं तर काय मिळालं असतं, याचं उत्तर त्याच खटल्यांत आहे. सद्दामचा चुलतभाऊ अली हसन अल-मजीद, ज्याला कुर्द ‘केमिकल अली’ म्हणतात, त्याला जून २००७ मध्ये अनफालसाठी मृत्युदंड झाला, पण तो लगेच दिला गेला नाही. पुढे आणखी खटले चालले. जानेवारी २०१० मध्ये हलब्जासाठी त्याला दोषी ठरवलं गेलं आणि मग २५ जानेवारीला फाशी झाली. मृत्युदंडाला माझा विरोध आहे, तो लपवण्याचं कारण नाही. तरीही मान्य करतो की हलब्जाच्या नातेवाइकांना निदान एका माणसाबाबत त्यांच्या गावाचं नाव असलेला निकाल ऐकायला मिळाला. ज्याच्या हुकमाने सगळं चाललं, त्याच्याबाबत तो कधीच मिळाला नाही.

‘कायद्याने झालं ना, मग झालं’ एवढ्यावर थांबू नका

निकाल ५ नोव्हेंबर २००६ चा. अपील २६ डिसेंबरला फेटाळलं गेलं. शिक्षा ३० दिवसांत अंमलात आणायची होती, सरकारने चारच दिवस घेतले. इराकच्या राज्यघटनेप्रमाणे मृत्युदंडावर राष्ट्राध्यक्षांची मान्यता लागते. राष्ट्राध्यक्ष जलाल तालाबानी स्वतः कुर्द, पण मृत्युदंडाचे जुने विरोधक. त्यांनी सही केली नाही. या विशेष न्यायालयाच्या कायद्याला त्या मान्यतेची गरज नाही, असा मार्ग काढून पंतप्रधान नूरी अल-मलिकी यांच्या सहीने हुकूम निघाला. आरोपीच्या धर्माच्या सणाला फाशी देऊ नये, असं इराकचाच फौजदारी कायदा सांगतो. सद्दाम सुन्नी होता, आणि ३० डिसेंबरच्या शनिवारी इराकी सुन्नींची ईद-उल-अधा होती, शियांची दुसऱ्या दिवशी. म्हणजे सुन्नींच्या सणाचा दिवस सरकारने सणाचा मानलाच नाही. जिथे दररोज माणसं पंथ विचारून मारली जात होती, तिथे या एका दिवसाचा अर्थ प्रत्येक घरात कळला.

जागाही तशीच. फाशी झाली ती कझीमियात, बगदादच्या शियाबहुल भागात. सरकारने प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत आवाज नव्हता. पण हजर असलेल्यांपैकी कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं आणि काही तासांत ते जगभर फिरलं. त्यात फासाखाली उभ्या माणसाला उद्देशून ‘मुक्तदा! मुक्तदा!’ अशा घोषणा ऐकू येतात. मुक्तदा अल-सद्र म्हणजे महदी सेना या शिया सशस्त्र गटाचे नेते, ज्यांच्या माणसांवर सुन्नींच्या हत्यांचे आरोप होत होते, आणि ज्यांच्या खासदारांचा मलिकी सरकारला आधार होता. सरकारी वकील मुन्किथ अल-फरून यांचा आवाजही त्यात आहे. या माणसाला आत्ता फाशी होते आहे, कृपा करून शांत राहा, अशी विनवणी ते करतात. ते चित्रण मी पुन्हा बघणार नाही, पण तो एक आवाज विसरता येत नाही. त्या खोलीत कायद्याची लाज राखणारा तो एकच माणूस ऐकू येतो.

ज्या क्षणी नव्या राज्यसंस्थेने स्वतःला सगळ्या इराकींचं राज्य म्हणून दाखवायचं, त्या क्षणी ती एका गटाची दिसली. शंका आधीपासून होत्या. खटला चालू असताना बचाव पक्षाच्या तीन वकिलांचे खून झाले. पहिले मुख्य न्यायाधीश रिझगर अमीन, जे आरोपींना बोलू देत होते, ते आरोपींशी मवाळ वागतात अशी टीका झाल्यावर जानेवारी २००६ मध्ये पायउतार झाले. १५ जानेवारी २००७ ला सद्दामचा सावत्रभाऊ बर्झान याला फाशी देताना त्याचं मुंडकं तुटलं. सरकार अपघात म्हणालं, तोवर ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत सुन्नी भाग नव्हता. इजिप्तचे होस्नी मुबारक म्हणाले, सद्दामला हुतात्मा करून टाकलं. बाथ पक्षाचा फरारी नेता इज्जत अल-दूरी याच्या बाजूची नक्शबंदी सेना ही सशस्त्र संघटना फाशीनंतर उघडपणे पुढे आली, आणि २०१४ मध्ये तिक्रित-मोसुल पडताना ती इस्लामिक स्टेटच्या बरोबरीने होती. पण थेट रेघ ओढू नका. २०१४ फाशीमुळे घडलं असं म्हटलं, तर वर सांगितलेली पहिलीच चूक होईल.

खटला सदोष, म्हणून माणूस निर्दोष?

आपल्याकडे ही चूक विशेष होते. सद्दामचा इराक भारताला तेल देत होता, काश्मीरवर भारताच्या बाजूला झुकत होता. फाशीनंतर परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी सरकारची निराशा जाहीर केली, ती योग्यच होती. पण त्या आधारावर सद्दामला ‘अमेरिकेशी लढलेला वीर’ करणं हा हलब्जाच्या मुलांवर दुसरा अन्याय आहे. खटल्यातले दोष दाखवताना त्याच परिच्छेदात गुन्हेही लिहा. दोन्ही एकत्र लिहिता येत नसतील, तर विषय अजून नीट वाचलेला नाही असं समजा.

सगळे हुकूमशहा एका माळेत ओवू नका

चाउशेस्कू, सद्दाम, गद्दाफी ही तीन नावं एका दमात घेतली जातात. लिबियाच्या गद्दाफीला खटलाच मिळाला नाही. २० ऑक्टोबर २०११ ला सिर्तमध्ये जमावाने पकडून त्याला मारलं. रुमानियाची गोष्ट वेगळी. २५ डिसेंबर १९८९ ला तिर्गोविश्तेच्या लष्करी तळावर सुमारे तासाभरात चाउशेस्कू पती-पत्नीचा खटला उरकून त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. आरोपात मृतांचा आकडा ६० हजार होता. त्या क्रांतीत प्रत्यक्षात अकराशेहून थोडे अधिक लोक मेले, आणि त्यातले बहुतेक २२ डिसेंबरनंतर, म्हणजे चाउशेस्कू पळून गेल्यावर. मग गोळ्या कोणी झाडल्या? उत्तर देऊ शकणारा माणूस भिंतीशी उभा करून संपवला होता. सत्तेवर आलेले इयॉन इलिएस्कू स्वतः जुन्या पक्षाचेच. मे १९९० मध्ये ते ८५ टक्के मतांनी निवडून आले. देश मात्र यादवीत गेला नाही. २००७ मध्ये युरोपीय संघातही गेला. म्हणजे ‘फाशी दिली की देश बुडतो’ हा नियमही खरा नाही. रुमानियाने किंमत मोजली ती सत्याची, आणि तीस वर्षांनंतरही त्या डिसेंबरचे खटले न्यायालयात होते.

शेजारी काय शिकतात, ते विसरू नका

मार्च २००८ मध्ये दमास्कसच्या अरब शिखर परिषदेत गद्दाफी उभा राहिला आणि विचारलं: एका अरब देशाच्या नेत्याला फासावर चढवलं, आपण चौकशी का मागितली नाही? उद्या तुमच्यातल्या कोणाचीही पाळी येईल. यजमान, सीरियाचे बशर अल-असद, समोर बसलेले होते. तीन वर्षांनी दोघांच्याही देशांत लोक रस्त्यावर आले आणि दोघांनीही सत्ता सोडण्याऐवजी स्वतःच्या शहरांवर सैन्य घातलं. त्यामागे केवळ सद्दामची फाशी होती, असं म्हणता येणार नाही. पण खुर्ची सोडली की मरण, असं मानणाऱ्या माणसाला वाटाघाटीला बसवणं फार कठीण असतं. असद अखेर ८ डिसेंबर २०२४ ला मॉस्कोला पळाले.

ढाक्याच्या बातम्या वाचताना

१७ नोव्हेंबर २०२५ ला हसीना यांना मृत्युदंड सुनावला गेला तो त्यांच्या गैरहजेरीत, कारण त्या भारतात आहेत. जुलै-ऑगस्ट २०२४ च्या आंदोलनात १,४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत, असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अंदाज आहे. ज्या न्यायालयाने ही शिक्षा दिली, ते १९७१ च्या युद्धगुन्ह्यांसाठी १९७३ च्या कायद्यावर २०१० मध्ये हसीना यांच्याच सरकारने उभं केलं होतं. जमात-ए-इस्लामीचे नेते अब्दुल कादेर मुल्ला यांना त्याने जन्मठेप दिली, तेव्हा ढाक्यातल्या शाहबागच्या चौकात फाशीची मागणी झाली, सरकारला अपील करता यावं म्हणून कायदा बदलला गेला, आणि १२ डिसेंबर २०१३ ला त्यांना फाशी झाली.

भारत त्यांना परत देईल का, यावर आपल्या वाहिन्या तासन्‌तास बोलतात. २०१३ च्या प्रत्यार्पण करारात राजकीय गुन्ह्यांचा अपवाद आहे, तेव्हा तो वाद लांबेल. तोवर दुसऱ्या एका बातमीवर लक्ष ठेवा. हसीना यांच्या काळात सक्तीने बेपत्ता केलेल्या माणसांचे खटलेही त्याच न्यायालयात आहेत, आणि त्यांतही आरोपी म्हणून त्यांचं नाव आहे. त्या माणसांच्या बायका, आया, मुलं साक्ष देण्यासाठी थांबलेली आहेत.