सी प्लस प्लसचं पुस्तक घ्यायला निघण्याआधी

नाशिकच्या एम. जी. रोडला जायला गाडी काढण्याआधी घरीच एक गोष्ट ठरवा: सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा कोणत्या सालची शिकायची आहे? प्रश्न विचित्र वाटेल, पण बियार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये जिच्यावर काम सुरू केलं, ती भाषा आज तशी राहिलेली नाही. पहिलं आयएसओ मानक, म्हणजे भाषेचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज, १९९८ चं. २०११ च्या मानकाने लिहिण्याची पद्धतच पालटली आणि तेव्हापासून दर तीन वर्षांनी नवं मानक येतं: १४, १७, २०, २३. म्हणून किमतीच्या आधी आवृत्तीचं साल बघायचं. नुसतं पुनर्मुद्रणाचं साल धरू नका. २००३ ची आवृत्ती गेल्या वर्षी पुन्हा छापली तरी आतला मजकूर २००३ चाच असतो.

मी हे शिकलो ते १२० रुपये घालवून. जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर एक जाडजूड पुस्तक मिळालं, खूश होऊन घरी आणलं. पहिलाच प्रोग्रॅम 'आयओस्ट्रीम डॉट एच' या फाइलने सुरू होत होता आणि माझा कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला कळेल अशा रूपात आणणारं सॉफ्टवेअर) म्हणत होता, अशी फाइलच नाही. टर्बो सी प्लस प्लस या जुन्या कंपायलरच्या निळ्या पडद्यासाठी लिहिलेलं पुस्तक होतं ते. पडद्यावरचा मजकूर पुसायला 'सीएलआरएससीआर', शेवटी कळ दाबेपर्यंत थांबायला 'गेटसीएच', आणि 'मेन'च्या आधी 'व्हॉइड'. पहिल्या दहा पानांत यातलं काही दिसलं, तर पुस्तक जागेवर ठेवून द्या. कॉलेजच्या परीक्षेला तेच लागत असेल तर परीक्षेपुरतं मित्राचं आणा.

दुकानात काकांना विचारून पुस्तक उघडा आणि आधी शेवटची सूची काढा. तिथे 'ऑटो' हा शब्द शोधून त्या पानावर जा. व्हेरिएबल (किंमत साठवायची नाव दिलेली जागा) कुठे आणि किती वेळ जिवंत राहतं एवढंच तिथे सांगितलं असेल, तर पुस्तक २०११ च्या आधीचं. कंपायलर व्हेरिएबलचा टाइप (आत आकडा आहे की अक्षरं) स्वतः ओळखतो असं लिहिलं असेल, तर पुढे चला. मग 'युनिक पॉइंटर' (वापरलेली मेमरी आपोआप परत करणारी सोय) शोधा. तो सापडत नसेल आणि जुना 'ऑटो पॉइंटर' मात्र कौतुकाने शिकवलेला असेल, तर विषयच मिटला. तो २०१७ च्या मानकातून काढून टाकलाय.

यापेक्षा मोलाची खूण म्हणजे धड्यांचा क्रम. चांगलं पुस्तक स्ट्रिंग (मजकूर) आणि व्हेक्टर (लागेल तशी वाढणारी यादी) लवकर हातात देतं. मेमरी स्वतः मागून परत करायच्या 'न्यू' आणि 'डिलीट'चा जाच बराच उशिरा येतो. लिपमन, लाजोय आणि मू यांच्या 'सी प्लस प्लस प्रायमर'च्या पाचव्या आवृत्तीत (२०१२) व्हेक्टर तिसऱ्या प्रकरणात आहे आणि डायनॅमिक मेमरी थेट बाराव्यात. आधी पूर्ण सी, मग क्लास, मग जमलं तर व्हेक्टर, असा आपल्याकडचा रिवाज आहे. पोहायला शिकवताना आधी रामकुंडात ढकलून द्यावं तसा. ऑनलाइन मागवत असाल तर लेखकांची नावं ताडून बघा, कारण 'प्रायमर प्लस' हे स्टीफन प्राटा यांचं वेगळंच पुस्तक आहे आणि घाईत तेच टोपलीत पडतं.

आता स्वतःकडे बघा. आयुष्यात कधी प्रोग्रॅम लिहिलाच नसेल, तर स्ट्रूस्ट्रुप यांचं 'प्रोग्रॅमिंग: प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस यूझिंग सी प्लस प्लस' बघा, तिसरी आवृत्ती २०२४ ची आहे. पायथन किंवा जावा येत असेल, तर त्यांचंच बारीक 'अ टूर ऑफ सी प्लस प्लस' (तिसरी आवृत्ती, २०२२) पुरेल. नुसतं बारीक दिसतं म्हणून नवख्याने ते उचलू नये. त्यात हात धरून चालवणारं कोणी नाही. स्कॉट मायर्स यांचं 'इफेक्टिव्ह मॉडर्न सी प्लस प्लस' सगळे सुचवतात. त्यातले ४२ सल्ले उत्तमच, पण २०१४ सालचे, आणि ज्याच्या हातून आधी चुका झाल्यात त्यालाच ते पटतात. ते दुसऱ्या वर्षासाठी.

एका वेळी एकच. लहानपणी सावानात (सार्वजनिक वाचनालय नाशिक) आधीचं पुस्तक परत केल्याशिवाय दुसरं हातात पडत नसे; वाचनालय १८४० चं असलं तरी हा नियम या भाषेला चपखल बसतो. संदर्भासाठी वेगळा ठोकळा विकत घेऊ नका, सीपीपी रेफरन्स हे संकेतस्थळ फुकट आहे.

प्रत्येक प्रकरणाखाली स्वाध्याय आहेत का, तेही बघा. नसतील तर पुस्तक कादंबरीसारखं वाचलं जातं आणि तसंच विसरलं जातं. फुटपाथवरची झेरॉक्स प्रत घेऊ नका. कायद्याचं तर आहेच, शिवाय टेम्प्लेटच्या धड्यात पानं गायब निघाली की दाद कोणाकडे मागणार?

पुस्तक घरी येण्याआधी लॅपटॉपवर जीसीसी किंवा क्लँग हा कंपायलर टाकून ठेवा, कोणतं मानक वापरायचं ते कंपायलरला सांगा आणि इशारे सगळे चालू करा. रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जात असाल, तर 'प्रायमर' टेबलावरच राहू द्या. पास असला तरी मांडीवर नऊशे पानं आणि वर लॅपटॉप, एवढी जागा शेजारचा देत नाही. पिशवीत वही न्या आणि रात्री अडलेला स्वाध्याय त्यात हाताने लिहून काढा. इगतपुरीपर्यंत बहुतेक चूक सापडते.