मास्तर लष्करात गेले, पुढे काय? त्यांच्या करिअरचा माग काढायची पद्धत

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बऱ्याच प्रोफेसर आणि शिक्षणतज्ज्ञांना युनिफॉर्म चढवला, जिंकलेल्या देशात कारभार आणि शाळा कशा चालवायच्या याचं प्लॅनिंग करायला. अशा कुणावर लिहायचं असेल तर बहुतेक जण आधी सर्व्हिस रेकॉर्ड मागवतात आणि तिथेच गाडी अडते. कारण जुलै 1973 मध्ये सेंट लुईसच्या लष्करी रेकॉर्ड सेंटरला आग लागली आणि 1912 ते 1960 मध्ये आर्मीतून बाहेर पडलेल्यांच्या साधारण 80 टक्के फायली जळाल्या, नेव्हीच्या मात्र वाचल्या. म्हणून आधी बघा माणूस आर्मीतला की नेव्हीतला.

मग ट्रेनिंग बघा. आर्मीची मिलिटरी गव्हर्न्मेंट शाळा 1942 मध्ये शार्लट्सव्हिलला, व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत सुरू झाली, नेव्हीची त्याच वर्षी कोलंबिया युनिव्हर्सिटीत. जपानसाठीचे लोक पुढे येल, शिकागो, स्टॅनफर्ड अशा ठिकाणी शिकले आणि मग कॅलिफोर्नियातल्या माँटेरीला गोळा झाले. फक्त एक चेक करा, या शाळांच्या यादीत नाव दिसलं म्हणजे तो विद्यार्थीच होता असं नाही, मास्तर माणूस, तिथेही शिकवतच असेल!

खरा माल प्लॅनिंगच्या कागदांत असतो. अमेरिकेतल्या कॉलेज पार्कच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये जपानसाठी रेकॉर्ड ग्रुप (म्हणजे कागदांच्या संग्रहाचा नंबर) 331, जर्मनीसाठी 260. जपानच्या कागदांच्या मायक्रोफिश (फिल्मच्या पत्त्यांवर बारीक करून उतरवलेली पानं) टोकियोच्या नॅशनल डाएट लायब्ररीतही आहेत.

आता मेन काम, प्लॅन आणि प्रत्यक्षात झालं ते शेजारी ठेवून वाचा, इथेच लोक घाई करतात. रॉबर्ट किंग हॉल घ्या, नेव्हीचा अधिकारी, माँटेरीला जपानच्या शिक्षणाचं प्लॅनिंग करत होता आणि जपानी भाषा रोमन लिपीत लिहावी या मताचा होता. मार्च 1946 मध्ये जॉर्ज स्टॉडर्डच्या नेतृत्वाखाली अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांचं मिशन जपानला आलं, त्यांच्या रिपोर्टमध्येही रोमन लिपीची शिफारस आहे. पण झालं काय, तर नोव्हेंबर 1946 मध्ये जपान सरकारने रोजच्या वापरासाठी 1850 कांजींची (चिनीवरून आलेल्या अक्षरांची) यादी काढली आणि लिपी राहिली ती राहिलीच. त्याच मिशनने सुचवलेली 6-3-3 वर्षांची (प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक) शाळा मात्र 1947 पासून सुरू झाली, आणि त्यात जपानी शिक्षणतज्ज्ञांचाही मोठा हात होता, त्यामुळे मृत्युलेखात 'यांनी जपानचं शिक्षण बदललं' असं वाचलं की मी तरी लगेच विश्वास ठेवत नाही. 31 डिसेंबर 1945 ला नीतिशिक्षण, जपानी इतिहास आणि भूगोल बंद करायचा आदेश निघाला, तसला एखादा आदेश पकडा आणि त्याच्या आधीचे मेमो कुणी लिहिले, कुणी खोडले ते बघा.

आणि ज्याच्यावर लिहिताय तो ज्या युनिव्हर्सिटीत होता तिथल्या आर्काइव्हलाही ईमेल टाका, युद्धासाठी रजा मागितल्याचा पत्रव्यवहार सापडला तर तारखा आयत्या मिळतात.