शिल्पकाराच्या घरी जाताय? या चुका टाळा

पॅरिसला जाणारा मराठी पर्यटक लूव्रला एक दिवस देतो, आणि वेळ उरला तर शिल्पकार रोदँच्या संग्रहालयाच्या बागेत त्याच्या ‘द थिंकर’सोबत फोटो काढतो. तिथून पुढे माँपार्नासच्या बाजूला आंत्वान बूर्देल आणि ओसिप झाडकिन या दोन शिल्पकारांची राहती-कामाची घरं आहेत. एकापासून दुसरं पायी वीस-पंचवीस मिनिटांवर. तिथे कोणी चुकून गेलंच, तर परत येऊन बहुधा सांगतं, “काही खास नाही, सगळं पांढरं प्लास्टर.” चूक तिथूनच सुरू होते.

प्लास्टर म्हणजे नक्कल, असं समजू नका

मूर्तिकाराचा हात प्रत्यक्ष चालतो तो ओल्या मातीवर. माती वाळली की तडकते, म्हणून तिच्यावरून साचा काढतात आणि त्या साच्यात प्लास्टर ओततात. माती यात बहुतेक वेळा मोडूनच जाते. पुढचं ब्राँझ ओतशाळेतले कारागीर ओततात, आणि संगमरवरात उतरवायचं काम अनेकदा मदतनीस करतात. बूर्देल स्वतः सुमारे पंधरा वर्षं रोदँकडे असा मदतनीस होता. म्हणजे कलाकाराच्या बोटांच्या सर्वांत जवळचं जे टिकून राहतं, ते बऱ्याचदा हे पांढरं, धुळकट प्लास्टरच असतं.

फ्रान्सच्या नियमांत एका शिल्पाच्या बारापर्यंतच्या ब्राँझ प्रती ‘मूळ’ धरल्या जातात. बूर्देलचा धनुर्धारी ग्रीक वीर हेराक्लीस (१९०९) एका शहरात पाहिल्यावर दुसऱ्या शहरात पुन्हा भेटला, तर ‘अरे, हा डुप्लिकेट’ म्हणून वळू नका.

बूर्देलच्या संग्रहालयातल्या मोठ्या दालनात अर्जेंटिनाच्या जनरल आल्वेआरच्या स्मारकाची अवाढव्य प्लास्टरं उभी आहेत. ब्राँझ ब्यूनोस आयर्सला गेलं, प्लास्टर इथं राहिलं. त्यांच्याजवळ गेलात की दोन गोष्टी शोधा: साच्याचे तुकडे जिथे जुळले तिथे राहिलेल्या बारीक रेषा, आणि मापं घेण्यासाठी केलेल्या पेन्सिलीच्या खुणा किंवा ठोकलेले बारीक खिळे. ते दिसू लागले की पुढच्या खोलीत आपोआप पाय रेंगाळतात. आणि प्लास्टरबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना घडवलेली ‘मंदिर पथगामिनी’सुद्धा प्लास्टरचीच आहे.

वार न पाहता बेत आखू नका

लूव्र मंगळवारी बंद, हे सगळ्यांना पाठ असतं. म्हणून लूव्र हवं त्या दिवशी उरकून छोटी संग्रहालयं सोमवारवर ढकलली जातात. सोमवारी बूर्देल, झाडकिन आणि रोदँ, तिघांचीही दारं बंद! बेत उलटा करा: सोमवारी लूव्र, मंगळवारी ही घरं. रोदँचं पॅरिसजवळच्या म्योदाँमधलं घर तर आठवड्यातले मोजकेच दिवस उघडं असतं. त्याची कबर तिथेच बागेत आहे आणि तिच्यावर ‘थिंकर’ची एक प्रत बसवली आहे, गर्दी मात्र फारशी नसते. झाडकिनचं घर इतकं लहान की दोन प्रदर्शनांच्या मध्ये मांडणीसाठी ते बंद ठेवतात. निघण्याआधी त्या आठवड्याची माहिती संग्रहालयाच्या स्वतःच्या पानावरच पाहा. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबलात तर शिल्पकार ब्रान्कुशीच्या स्टुडिओपर्यंत जाऊन परत फिरावं लागेल. पाँपिदू केंद्र हे आधुनिक कलेचं संग्रहालय २०२५ पासून काही वर्षांच्या दुरुस्तीसाठी बंद आहे, आणि तो स्टुडिओ त्याच्याच आवारात आहे.

पैशांबाबत उलटा गैरसमज असतो. बूर्देल आणि झाडकिन ही पॅरिस शहराची संग्रहालयं असल्याने कायमचा संग्रह फुकट पाहता येतो, पण तात्पुरतं प्रदर्शन असेल तर तिकीट लागू शकतं. शिल्पकार जाकोमेत्तीच्या नावाच्या संस्थेत मात्र आधी ऑनलाइन वेळ घ्यावी.

दार सापडत नाही?

झाडकिनचा पत्ता रू दासासवरचा १०० ‘बिस’ आहे, आपल्याकडे १००-अ असतो तसा. रस्त्यावरून संग्रहालयासारखं काहीच दिसत नाही. बोळातून आत गेलात की एकदम बाग आणि बागेत शिल्पं. झाडकिन १९२८ पासून १९६७ पर्यंत इथे राहिला, पुढे त्याची चित्रकार पत्नी व्हॅलेंटीन प्राक्स हिने हे सगळं शहराला दिलं. इथली लाकडी शिल्पं पाहताना झाडाचं मूळ खोड डोळ्यांपुढे आणा, गाठ कुठे सांभाळून घेतली ते लगेच कळतं.

फक्त समोरून पाहून पुढे जाऊ नका

देवळातल्या मूर्तीपुढे हात जोडायची सवय असल्यामुळे असेल, आपण शिल्पासमोर उभे राहतो आणि निघतो. हेराक्लीसची सगळी गंमत धनुष्य, ताणलेले हात आणि खडकाला रेटलेला पाय यांच्या मधल्या रिकाम्या जागेत आहे, ती भोवती फिरल्याशिवाय कळत नाही. बागेतली शिल्पं भर दुपारी सपाट वाटतात, सकाळ किंवा उतरतं ऊन बरं. फिरताना पाठीवरची बॅग पोटाशी घ्या, खोल्या अरुंद असतात. हात लावायचा मोह टाळा: घाम आणि तेल प्लास्टरमध्ये शोषलं जातं आणि डाग निघत नाही.

सासवणे म्हणजे अलिबागच्या सहलीतला ‘पॉइंट’ नव्हे

आपल्याकडचं याच जातीचं ठिकाण म्हणजे शिल्पकार नानासाहेब (विनायक पांडुरंग) करमरकरांचं सासवणे येथलं घर. करमरकर (१८९१-१९६७) याच गावचे. पुण्यात श्री शिवाजी प्रीपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा (१९२८) त्यांचाच. तो पाहून सासवण्याला गेलात तर जास्त मजा येते, कारण घरात भेटतात ती राजेमहाराजांपेक्षा आसपासची माणसं आणि जनावरं.

लोकांचं चुकतं ते इथे: किहीमचा समुद्र, दुपारचं मासळीचं जेवण आणि मुंबईची परतीची बोट यांच्या मध्ये वीस मिनिटं शिल्पांना. पुरत नाहीत. निदान दीड तास ठेवा आणि जेवणाआधी जा, पोट भरल्यावर कोणी शिल्पाभोवती फिरत नाही. ही बागेत मांडलेली खेळणी नाहीत, मुलांना वर चढवून फोटो काढू नका. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी फोनवर विचारा, सुटे पैसे जवळ असू द्या.

मुंबईहून मांडव्याला उतरून रिक्षा केली की सासवणे जवळच आहे. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरची रो-रो उरते, आणि हवामान बिघडलं तर तीही रद्द होते. म्हणून त्या दिवसांत परतीचा मार्ग पेण-वडखळवरून धरूनच निघा.