झांप्याला मोटर, मोटरला वाय-फाय

बडोद्यात नवीन आलात की पहिल्याच आठवड्यात एक वाक्य कानावर पडेल: "झांपो बंध करजो." झांपो म्हणजे फाटक. दूधवाल्याला, कुरिअरवाल्याला, खेळून परतणाऱ्या पोरांना, ज्याला त्याला हे सांगितलं जातं, कारण उघडा राहिला की गाय आत येऊन कुंड्या फस्त करते. आम्ही इथल्या मराठी लोकांनी त्याचा झांपा करून टाकलाय.

मी 1997 साली लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले. तेव्हापासून समा भागात टेनामेंटमध्ये राहते. टेनामेंट म्हणजे पुढे पोर्च, छोटं अंगण आणि रस्त्यावर उघडणारा स्वतःचा झांपा असलेलं बैठं किंवा एकमजली घर. नोकरीसाठी इकडे येणारी आपली माणसं आधी फ्लॅट भाड्याने घेतात, दोनेक वर्षांत टेनामेंट नाहीतर वासणा-भायलीकडचं डुप्लेक्स बघतात. मग हळदीकुंकवाला भेटल्या की विचारतात, "काकू, झांप्याला मोबाइलवर चालणारी मोटर बसवावी का हो?" एक-दोघींकडे मोटर आधीपासून असते, त्यांना ती स्मार्ट करून घ्यायची असते. दर वेळी तोंडी सांगते, आता एकदा सविस्तर लिहून ठेवते.

भाड्याच्या घरात असाल तर हा खर्च करूच नका. स्वतःचं घर असेल तर एक पावसाळा जाऊ द्या. आपल्या गल्लीत पाणी कुठवर चढतं, लाइट किती वेळा जाते, हे कळल्याशिवाय मोटर निवडता येत नाही. बडोद्यात विश्वामित्री नदीचा विचार केल्याशिवाय अंगणातली कुठलीच वस्तू ठरत नाही. काळाघोडा पुलाजवळ नदीची पातळी मोजतात, 26 फूट ही धोक्याची खूण. पावसाळ्यात इथे लोक एकमेकांना फोन करून "केटला फूट थया?" असंच विचारतात. 31 जुलै 2019 ला एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस झाला होता. ऑगस्ट 2024 मध्ये तर नदी 35 फुटांच्याही वर गेली.

त्या 2024 च्या पुरात आमचं काय झालं ते सांगते, कारण माझं मत तिथे बनलं. जन्माष्टमीची रात्र होती. रस्त्यावर पाणी वाढायला लागलं तसे शेजारी गाड्या काढून उड्डाणपुलाकडे न्यायला लागले. लाइट गेलेली. आमचा झांपा सरकता, त्याला साधी 230 व्होल्टची मोटर, बॅटरी नाही. लाइट नसली की अशी मोटर झांपा घट्ट धरून ठेवते, दोन माणसांनी ढकलला तरी इंचभर हलत नाही. तो हाताने सरकवायचा तर मोटरच्या अंगाला एक छोटं झाकण असतं, त्यात किल्ली घालून आतली लिव्हर ओढायची, म्हणजे पकड सुटते. ती किल्ली कुठे ठेवलीय ते घरात कुणालाच आठवेना. शेवटी देवघराखालच्या खणात वातींच्या डब्यात सापडली. ती घेऊन गेलो तर झाकण गंजून बसलेलं. बसवल्यापासून सात वर्षांत एकदाही कुणी उघडलं नव्हतं. मी टॉर्च धरून उभी, हे वाकून कडेने खोबरेल तेल सोडतायत, पान्याच्या दांड्याने ठोकतायत, आणि पाणी माझ्या पोटरीला लागलेलं. लिव्हर सुटली तेव्हा पाणी सायलेन्सरच्या वर गेलं होतं. गाडी पोर्चमध्येच बुडाली. मोटरचा बोर्डही, म्हणजे आतलं सर्किट, गेला, कारण बसवणाऱ्याने ती फरशीपासून चार बोटांवर बसवली होती.

म्हणून माझ्याकडे सल्ला मागायला कुणी आलं की मी आधी विचारते, तुमच्या मोटरची किल्ली कुठे आहे? वाय-फाय नंतर. ज्यांची मोटर चालू आहे त्यांनी आजच झाकण उघडून, लिव्हर ओढून, झांपा हाताने पूर्ण सरकवून बघा. दिवाळीच्या साफसफाईत एकदा आणि मे अखेरीस एकदा. शटर असेल तर हाताने फिरवायची साखळी नाहीतर हँडल असतं, तेही चालवून बघा. किल्लीची एक प्रत घरात आणि एक विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवा. तुम्ही बाहेरगावी असताना झांपा उघडायची वेळ आली तर धावून येणारा तोच असतो.

नवीन घेणार असाल तर 24 व्होल्टची, बॅटरीची सोय असलेली मोटर मागा. ओटा बांधून गुडघ्याइतक्या उंचीवर बसवा. त्यासाठी झांप्यावरची दातेरी पट्टी, जिच्यात मोटरचं चाक अडकून झांपा सरकवतं, तीही तेवढीच वर घ्यावी लागते. कारीगर म्हणेल, "एटलुं उपर नी जरूर नथी." ऐकू नका. कंट्रोलची पेटी वेगळी असेल तर ती भिंतीवर खांद्याच्या उंचीला आणि सावलीत, कारण मे महिन्यात इथे पारा 42-43 वर जातो आणि पश्चिमेच्या उन्हात पत्र्याची पेटी तव्यासारखी तापते.

आता स्मार्ट करण्याबद्दल. चालू मोटरला बहुतेक वेळा पूर्ण बदलायची गरज नसते. तिच्या बोर्डावर बाहेरचं बटण जोडायच्या दोन तारा असतात. काडेपेटीएवढं वाय-फाय रिले, म्हणजे मोबाइलवरून दाबता येणारा स्विच, त्या तारांना जोडलं की ॲपमधून बटण दाबल्यासारखंच होतं. सोबत झांप्याला चुंबकाचा सेन्सर लावला की झांपा बंद आहे की उघडा ते मोबाइलवर दिसतं. यातला जास्त उपयोगाचा भाग सेन्सरचा आहे. दूरवरून झांपा उघडायची वेळ वर्षात किती येते? आम्ही गणपतीला साताऱ्याला जातो, वाटेत भरूच येईपर्यंत माझ्या मनात एकच असतं, झांपा लावला ना? त्या शंकेपायी एकदा करजणहून परत फिरलोय. आता मोबाइलवर 'बंद' दिसतं आणि मी डोळे मिटून झोपते. पावसाळ्यात तर याला फार किंमत आहे, कारण पुरात विश्वामित्रीतल्या मगरी सोसायट्यांत येतात. 2024 ला वनखात्याच्या माणसांनी आणि स्वयंसेवकांनी वस्त्यांतून कितीतरी मगरी पकडून नेल्या. फूटभर उघडा राहिलेला झांपा इथे साधी गोष्ट नाही.

रिले घेतलंत तर एक तपासा. ही उपकरणं बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात, आणि राउटर असतो आत हॉलमध्ये, मध्ये दोन भिंती. झांप्यापाशी उभं राहून मोबाइलवर सिग्नल बघा, मगच पैसे द्या. लाइट गेली की राउटरही जातो, मग तुमच्या मोबाइलला नेट असून काही फायदा नाही, कारण झांपाच नेटवरून तुटलेला असतो. राउटरला छोटा यूपीएस लावा.

ज्यावर मी अजिबात तडजोड करत नाही ते हे. घरातून किंवा बाहेरगावाहून, डोळ्यांआड असलेला झांपा ॲपवर बंद करणार असाल तर खांबांवर समोरासमोर बसणारे फोटोसेल हवेतच. मध्ये कुणी आलं, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा किरण तुटला, की झांपा थांबतो किंवा मागे फिरतो. माझा भाचा न्यू जर्सीत आहे. त्यांच्याकडे गॅरेजचं दार वर छताकडे सरकतं, आणि 1993 पासून तिथे बनणाऱ्या दाराच्या मोटरला असा अडथळा ओळखणारा सेन्सर कायद्याने लागतो. नजरेआड दार बंद करताना मोटर आधी पिपाणी वाजवते आणि दिवा लुकलुकवते, मग हलते. आपल्या गल्लीत कुणी विचारत नाही, म्हणून कारीगर फोटोसेल "पछी लगावी देशुं" म्हणून टाळतो. आपल्याकडे संध्याकाळी झांप्यातून पोरं आत-बाहेर पळत असतात. उत्तरायणला, 14-15 जानेवारीला, कापलेल्या पतंगामागे धावताना पोराचं लक्ष फक्त वर असतं. फोटोसेल नाहीत तर ॲपवरून झांपा हलवू नका, समोर उभं राहूनच बटण दाबा. त्या दोन दिवसांनंतर चाकांत आणि पट्टीत अडकलेला मांजा कात्रीने काढायचा, तो राहिला की मोटर अडखळायला लागते.

भाच्याने तिकडून एक स्मार्ट ओपनर पाठवतो म्हटलं होतं. मी नको सांगितलं. तो 120 व्होल्टचा, आपल्या सरकत्या झांप्याला तो बसतही नाही. शिवाय तिथल्या एका मोठ्या कंपनीने 2023 मध्ये बाहेरच्या ॲपना आपल्या मोटरी चालवायला बंदी केली आणि लोकांनी त्या ॲपशी करून घेतलेली जोडणी रातोरात तुटली. म्हणून घ्याल ते असं घ्या की कंपनीचं ॲप उद्या बंद पडलं तरी भिंतीवरचं बटण आणि रिमोट चालत राहतील.

रिमोटचंही बघा. स्वस्त रिमोट कायम एकच कोड पाठवतात, किल्ल्या बनवणाऱ्याकडे त्याची नक्कल निघते. घर विकत घेतलं असेल तर आधीच्या मालकाचे, त्यांच्या ड्रायव्हरचे रिमोट अजून चालत असतील. मेमरी पुसून घ्या आणि दर वेळी कोड बदलणारे, रोलिंग कोडचे रिमोट लावा.

आमच्याकडे आता बॅटरीची मोटर, फोटोसेल आणि सेन्सर आहे. ॲपवरून उघडायची सोय मी कारीगराकडून बंद करून घेतली. किल्ली पोर्चच्या खिळ्याला, लाल दोऱ्यात, माझ्या डोक्याच्या उंचीवर. दुसरी समोरच्या बेनकडे. गेल्या मे अखेरीस झाकण उघडलं तर बोटाने उघडलं.