डोक्याला मार लागला की आधी वेळ लिहा

रावेर-सावद्याकडचा पेशंट कॅज्युअल्टीत आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: "कधी?" पडला कधी, ओकला कधी, शेवटचं धड बोलला कधी. २६ वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. कवटीत रक्त कुठे साठतंय याचा अंदाज मला पुष्कळदा या उत्तरांवरूनच आला आहे. नक्की मात्र सीटी स्कॅनच सांगतो.

केळीचे घड ट्रकात रचणारा एक पोरगा खाली पडला, कानशिलावर आपटला. मिनिटभर शुद्ध गेली, मग उठून चहा प्यायला. "माले काहीच नई व्हयनं," म्हणाला. दोन तासांनी ओकला, बरळायला लागला, एका डोळ्याची बाहुली मोठी झाली. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून मेंदूच्या आवरणाची धमनी जाते. हाड तडकलं की ती फाटते, रक्त हाड आणि आवरणाच्या मध्ये भरतं. याला एपिड्यूरल म्हणतात. सीटीत ते भिंगासारखं फुगीर दिसतं. मधला बरं वाटण्याचा काळ सगळ्यांना मिळत नाही, पण ज्याला मिळतो त्याच्या घरचे हमखास फसतात. या पोराची कवटी वेळेत उघडली, तो चालत घरी गेला. कानशिलावर मार लागून क्षणभर जरी शुद्ध गेली, तरी सीटी कराच.

माझ्या सख्ख्या मामांचं उलट झालं. मोरीत घसरले, टेंगूळ आलं, सगळे विसरले. पाच आठवड्यांनी ते एका बाजूला झुकून चालू लागले, दिवसभर झोपू लागले. वय झालं, असं घरचे म्हणाले आणि मीही तेच म्हटलं. ते मला अजून सलतं. म्हातारपणी मेंदू आकसतो, शिरा ताणल्या जातात, किरकोळ धक्क्यानेही फाटून हळूहळू झिरपतात. रक्त पातळ करणारी गोळी किंवा दारू चालू असेल तर धोका आणखी वाढतो. सीटीत चंद्रकोर दिसली: जुनं सबड्यूरल, म्हणजे आवरणाच्या आतल्या बाजूला साठलेलं रक्त. कवटीला छिद्र पाडून रक्त काढलं आणि तिसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, "केळीले पानी दिन्हं का?" जोराच्या मारानंतर लगेच होणारं सबड्यूरल मात्र फार घातक. त्यात माणूस बहुधा सुरुवातीपासूनच बेशुद्ध असतो.

मार न लागताही रक्तस्राव होतो. सेकंदांत कळसाला गेलेली, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी, त्यात मान आखडलेली, म्हणजे बहुधा धमनीवरचा फुगा फुटलेला असतो. गोळीने दुखणं थांबलं तरी घरी बसू नका. पहिल्या ६ तासांतला सीटी हा रक्तस्राव सहसा चुकवत नाही. उशीर झाला तर पाठीतलं पाणी तपासावं लागू शकतं.

बीपीची गोळी सोडलेल्या माणसाचं तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, तर रक्त मेंदूच्या आतच फुटलेलं असू शकतं. गुठळीचा झटकाही बाहेरून हुबेहूब असाच दिसतो. म्हणून सीटीआधी अ‍ॅस्पिरिन अजिबात देऊ नका. बीपी उतरवायला जिभेखाली गोळीही ठेवू नका.

१०८ ला फोन करा. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, तोंडात पाणीही नको. बेशुद्ध माणूस ओकत असेल तर डोकं, मान, धड एका रेषेत धरून कुशीवर वळवा. जळगाव असो की धुळे, निघण्यापूर्वी फोनवर विचारा: सीटी चालू आहे का, मेंदूचे सर्जन आहेत का. चालू औषधांची पाकिटं सोबत न्या.

सीटी चांगला आला म्हणून घरी सोडलं तरी पहिले २४ तास कोणीतरी जवळ राहा. रात्री उठवून नाव विचारा, दोन्ही हातांची पकड बघा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, फिट, नाका-कानातून पाणी, यातलं एक जरी दिसलं तरी परत आणा. आणि चिठ्ठी लिहा: पडला ४.१०, बोलला ४.३०, ओकला ६.१५. ती पेशंटच्या खिशात नको. बरोबर येणाऱ्याच्या हातात द्या.