कोपरा काटकोनात आहे का? टेप घ्या आणि तपासा

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरात खोलीची फरशी बदलायची होती. मिस्त्री म्हणाला, "गुनिये में है भैया, टेंशन मत लो." त्याचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं अवजार, हातभर लांब, भिंत दहा फुटांची. मी टेप काढली.

कोपऱ्यापासून एका भिंतीवर ६ फुटांवर आणि दुसरीवर ८ फुटांवर पेन्सिलीने खूण करा. खुणा जमिनीलगतच हव्यात, एक वर एक खाली नकोत. मग दोन्ही खुणांमधलं तिरपं अंतर मोजा. टेप ताणून धरायला दुसरं माणूस लागतंच. बरोबर १० फूट भरलं तर कोपरा काटकोनात. आमचं भरलं १० फूट २ इंच.

आता हिशोब. तिन्ही मापं आधी एकाच एककात आणा. बहुतेकांची चूक इथेच होते: १० फूट ६ इंच म्हणजे १०.६ फूट नव्हे, १०.५. सरळ इंचच करावेत. आमचे झाले ७२, ९६ आणि १२२.

सगळ्यात मोठी बाजू वेगळी काढा. उरलेल्या दोघींच्या वर्गांची बेरीज करा: ५१८४ + ९२१६ = १४४००. मोठीचा वर्ग १४८८४. दोन्ही आकडे समान आले असते तर काटकोन. मोठीचा वर्ग कमी आला तर कोपरा आवळलेला, म्हणजे लघुकोन. इथे तो जास्त आहे, म्हणजे कोपरा फाकलेला. किती? जवळपास ९२ अंश. दोनच अंश वाटतात, पण दहा फुटांत फरशीची ओळ चार इंचांवर सरकते.

पाव इंचाने मात्र घाबरू नका. ६-८-१० च्या मापात तिरप्या अंतरातला पाव इंच म्हणजे साधारण पाव अंश. ३-४-५ घेतलंत तर तीच चूक अर्ध्या अंशाची होते, म्हणून जागा असेल तितकं मोठं माप घ्यावं.

आधी त्रिकोण होतो का ते पाहा, असं काहीजण सांगतात. या चाचणीत त्याची गरज नाही. वर्गांची बेरीज जुळली की लहान दोघींची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असतेच.

आकडे मोठे असतील तर वर्ग करत बसू नका. ४८, ५५, ७३ घ्या. ७३ मधून ५५ वजा केले की १८, दोन्ही मिळवले की १२८. १८ × १२८ = २३०४, आणि ४८ चा वर्गही तोच. जुळलं. पूर्णांकांसाठी आणखी सोपी चाळणी: तिघींपैकी एकीलाही ५ ने भाग जात नसेल तर काटकोन नाहीच. ७, ११, १३ तिथेच बाद.

ही चाचणी पायथागोरसच्या प्रमेयावर (काटकोन असेल तर वर्ग जुळतात) नव्हे, त्याच्या व्यत्यासावर, म्हणजे उलट विधानावर (वर्ग जुळले तर काटकोन) उभी आहे. ग्रीक गणिती युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या भूमितीच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात प्रमेय ४७ वं, व्यत्यास ४८ वा. माझी भाची इथे हिंदी माध्यमात शिकते, तिच्याकडे त्याला 'विलोम' म्हणतात. बौधायनाच्या शुल्बसूत्रात वेदीच्या मापांसाठी ३-४, ५-१२, ८-१५, ७-२४, १२-३५ अशा जोड्याच दिल्या आहेत. त्यातली ३-४ ची आमच्या मिस्त्रीलाही पाठ होती, फक्त त्या दिवशी त्याने वापरली नव्हती.

भिंत काही पाडली नाही. फरशीची पहिली ओळ भिंतीऐवजी ताणलेल्या दोरीला लावली आणि तिरपे कापलेले तुकडे कपाटाखाली गेले.