चार्ल्सचा नियम घरी मोजून पाहा

बाटलीच्या तोंडाला फुगा लावून ती गरम पाण्यात ठेवायची, फुगा उभा राहतो, मुलं टाळ्या वाजवतात. आठवीच्या वर्गात मीही हे दाखवते. पण हवा फुगते एवढंच त्यातून कळतं, किती फुगते ते कळत नाही. चार्ल्सचा नियम त्या 'किती'चा आहे: दाब तोच ठेवला तर हवेचं आकारमान तिच्या केल्व्हिन तापमानाच्या प्रमाणात बदलतं. म्हणून मी मुलांना मोजायला लावते, तेही जानेवारीत. तेव्हा नाशिकला नळाचं पाणी चांगलंच गार असतं आणि फरक ठळक दिसतो.

काचेचं शंकुपात्र, एका भोकाचं रबरी बूच आणि त्यात बसणारी सलाईनची नळी घ्या. नळी आखूड कापा, पण बंद करायचं चाक तिच्यावर राहू द्या. पात्र आतून अगदी कोरडं हवं. इथे घाई चालत नाही. आत चार थेंब राहिले तर त्यांची वाफ होते, ती हवेला बाहेर ढकलते आणि पुढचं सगळं मोजमाप खोटं ठरतं. मी पात्र आदल्या दिवशीच उन्हात ठेवते.

चाक उघडं ठेवून पात्र गळ्यापर्यंत उकळत्या पाण्यात दहा मिनिटं धरा. रिकामं पात्र तरंगतं, म्हणून कुणीतरी मोठ्या माणसानेच ते चिमट्याने दाबून धरावं. चाक बंद करून गरम करू नका, बूच उडेल. पाण्याचं तापमान थर्मामीटरने बघा. पुस्तकात 100 अंश असतं, पण नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, इथे पाणी 98 च्या आसपासच उकळतं.

आता चाक बंद करून पात्र गार पाण्याच्या बादलीत उलटं बुडवा आणि पाण्याखालीच चाक उघडा. पाणी आपोआप आत शिरतं. हा क्षण मुलांना नीट बघू द्या. पाच मिनिटांनी आतली-बाहेरची पातळी सारखी करून चाक बंद करा. आत आलेलं पाणी मोजपात्रात ओता. मग पात्र बुचापर्यंत भरून त्याचं पूर्ण माप घ्या, काचेवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका.

समजा माप 290 मिली, गरम 98 अंश, गार 20. मुलं हमखास 98 ला 20 ने भागतात. दोन्हींत 273 मिळवून केल्व्हिन तापमान काढायला सांगा: 371 आणि 293. गार हवा 290 × 293 ÷ 371, म्हणजे 229 मिली. पाणी 61 मिली यायला हवं. प्रत्यक्षात 55 च्या आसपास मिळेल, कारण आतली गार हवा आता ओली असते आणि पाण्याची वाफही थोडी जागा घेते.

गार पाण्यात बर्फ घालून, मग कोमट पाणी घेऊन हेच पुन्हा करा. तापमान आणि आकारमान आलेखावर मांडा, रेघ मागे वाढवा. ती -273 जवळ शून्याला टेकायला हवी. तुमची -240 ला टेकली तर वहीत -240 च लिहा, आणि पात्र ओलं होतं का ते आधी तपासा.